उशिराचा गट

पिंपळगाव बसवंतच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन बंद पडलं की पहिला फोन मुझफ्फरभाईंना जायचा. द्राक्षाच्या हंगामात तर त्यांचं ताट वाढलेलं राहायचं आणि ते हायवेच्या कडेनं स्कूटरवर पान्यांची पिशवी लावून निघालेले असायचे. त्यांची थोरली मुलगी झेबा जनावरांची डॉक्टर झाली, तेव्हा द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या प्रत्येक पॅकहाऊसवर त्यांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले होते. "माझी पोरगी जनावरांची डाक्टर हाय. नाशकात मोठ्या ठिकाणी हाय," असं ते सांगत. मोठ्या ठिकाणी म्हणजे नेमकं कुठं आणि तिथं ती काय करते, हे त्यांना माहीत नव्हतं. झेबानं कधी सांगितलं नव्हतं.

झेबा अंबडच्या कारखान्यांच्या मागे एका खाजगी संशोधन संस्थेत काम करायची. तिच्याकडे होतं तिथलं प्राणिगृह. गाय नाही, शेळी नाही. फक्त पांढरे उंदीर. संस्थेत मेंदूत शिरणाऱ्या एका बुरशीवर औषध शोधणं चाललं होतं. ही बुरशी तशी सगळीकडे असते, मातीत, कबुतरांच्या विष्ठेत. श्वासावाटे आत गेली तरी धडधाकट माणसाला तिचं काही होत नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती खचलेली असते त्याच्या फुप्फुसातून ती मेंदूवर चढते. तिच्यावर औषध आहे, पण ते जुनं आणि जहाल आहे, शिरेतून द्यावं लागतं आणि मूत्रपिंडांना सोलून काढतं. संस्था तेच औषध चरबीच्या बारीक कणांत गुंडाळून तोंडावाटे देता येईल का, ते बघत होती.

औषध तपासायचं तर आधी आजार हवा. म्हणून उंदराच्या शेपटीच्या शिरेतून बुरशी टोचायची आणि दुसऱ्या दिवसापासून औषध सुरू करायचं. एका गटाला नवं औषध, एकाला जुनं आणि एकाला काहीच नाही. टोचण्याचं काम झेबाचं. रोज वजन करायचं, पाठीला कुबड आलंय का, मान कलली आहे का, कवटी फुगल्यासारखी दिसते का, हे बघायचं कामही तिचंच. आणि एखाद्याची पुढची वाट मरणाचीच आहे असं दिसलं, की त्याला त्याआधीच शांतपणे झोपवायचं, तेही तिनंच.

ती एका जागी बसू शकत नसे. पिंजऱ्यांच्या ओळींमधून सारखी फिरायची, पाण्याच्या बाटल्या तपासायची, तपासलेल्या पुन्हा तपासायची. तिच्या वरिष्ठ, संध्या मॅडम, एकदा म्हणाल्या, "झेबा, पाच मिनिटं खुर्चीत टेक. उंदीर तुला बघून दमतात."

त्या उन्हाळ्यात निकाल चांगले यायला लागले. नवं औषध मिळालेले उंदीर खात होते, पिंजऱ्याच्या जाळीला लटकत होते, आणि त्यांच्या मेंदूत बुरशी जवळजवळ सापडत नव्हती. पैसा पुरवणाऱ्या कंपनीची माणसं येऊन हात मिळवून गेली. संध्या मॅडमनी सगळ्यांसाठी चिवडा आणि मिसळ मागवली. त्याच सुमारास पिंपळगावहून अम्मीचा, म्हणजे सुरय्याबीचा, फोन आला की अब्बांचं डोकं दुखतंय.

"उन्हात फिरतात ना सारखे. पाणी प्यायला सांग," झेबा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पिंपळगावच्या डॉक्टरांनी सायनस म्हणून गोळ्या दिल्या. मग कुणीतरी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हटलं, म्हणून नवा चष्मा झाला. झेबा रविवारी घरी जायची तेव्हा अब्बा डोळ्यांवर पंचा टाकून पडलेले दिसायचे. ती त्यांचा रक्तदाब बघायची, कपाळाला बाम चोळायची आणि तिचं लक्ष पुन्हा प्राणिगृहाकडे जायचं. तो नव्या औषधाचा ऐन महत्त्वाचा टप्पा होता.

एका सकाळी एका पॅकहाऊसमध्ये अब्बा शिडीवरून खाली उतरले आणि समोरच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही दोघं भाऊ का?" समोर एकच माणूस होता. मग त्यांना उलटी झाली आणि ते तिथंच भिंतीला टेकून बसले. त्यांना टेम्पोत घालून नाशिकला आणलं.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. तेव्हा कळलं की गुडघेदुखीवर मुझफ्फरभाई दोन वर्षं मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खात होते. त्या गोळ्यांत स्टेरॉइड होतं. डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. दुपारी त्यांनी झेबाला बाहेर बोलावलं आणि मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीचं नाव सांगितलं. "थोडा वेगळा आजार आहे. नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल."

झेबाच्या पिंजऱ्यांवर तेच नाव लावलेलं होतं.

तिला खाली बसावंसं वाटलं, पण ती बसली नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी रोज उंदरांना हीच बुरशी देते."

डॉक्टरांना आधी कळेना. मग तिनं समजावून सांगितलं आणि लगेच विचारलं, "माझ्यामुळे झालं असेल का?"

"एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माणसाकडून नाही. कपड्यांवरून, बॅगेवरून?"

डॉक्टर म्हणाले, तशी शक्यता जवळपास नाहीच. कोल्ड स्टोरेजच्या पत्र्यांखाली कबुतरं असतातच, आणि स्टेरॉइडवरच्या माणसाला तेवढं पुरतं. झेबाला मात्र त्या उत्तरातलं 'जवळपास' तेवढं ऐकू आलं.

कारण वैशाखात एक गोष्ट घडली होती. मेलेल्या उंदराची चिरफाड करताना तिच्या अंगरख्याच्या बाहीवर थेंब उडाले होते. तिनं नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. अंगरखा तिथंच टाकला, आंघोळ केली, संध्या मॅडमना सांगितलं. त्या संध्याकाळी ती पिंपळगावला गेली होती आणि आठवड्याचे कपडे नेहमीप्रमाणे अम्मीपुढे टाकले होते. प्राणिगृहातलं काहीही बाहेर येत नाही, हे तीच नव्या माणसांना शिकवायची. आता तिचा स्वतःच्या शिकवण्यावर विश्वास बसेना.

जुनं औषध सुरू झालं. सलाईन चढायला लागली की तासाभरात मुझफ्फरभाईंना अशी थंडी भरायची की पलंगाच्या लोखंडाचा आवाज व्हायचा. डोक्यातला दाब वाढला की पुन्हा मणक्यात सुई घालून पाणी काढावं लागे. ते काढलं की त्यांचा चेहरा थोडा वेळ मोकळा व्हायचा. मूत्रपिंडांचे आकडे बिघडत चालले होते. झेबा वॉर्डात उभी राहायची, कॉरिडॉरमध्ये जायची, जिन्यानं खाली उतरून चहा न घेताच परत यायची.

अम्मीला एवढ्या दिवसांत थोडं थोडं कळत गेलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तिनं कॅन्टीनमध्ये झेबाचा हात धरला.

"डॉक्टर म्हणाले, तू याच बीमारीचं औषध करतेस."

"करतोय, अम्मी. अजून झालं नाही."

"उंदीर बरे होतात ना त्यानं?"

"होतात."

"मग बापाला का देत नाहीस?"

"माणसाला अजून कुणाला दिलेलं नाही. किती द्यायचं ते माहीत नाही. काय होईल ते माहीत नाही."

"हे जे देतायत त्यानं काय होतंय ते तर दिसतंय ना?" अम्मीचा आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. "उंदराला मिळतं आणि घरच्याला मिळत नाही, हे कसलं काम तुझं?"

दुसऱ्या दिवशी झेबानं संध्या मॅडमच्या खोलीत जाऊन तोच प्रश्न विचारला. विचारताना तिला लाज वाटत होती, तरी विचारला.

मॅडमनी दार लावून घेतलं. "ते औषध आपण उंदरासाठी बनवतो, झेबा. माणसाच्या पोटात जावं इतकं स्वच्छ ते आपल्याकडे बनतसुद्धा नाही. तुझ्या वडिलांना त्यातूनच काही झालं तर तू मला माफ करशील, पण स्वतःला नाही करणार."

"मग दुसरं तरी करा. अब्बांच्या मणक्यातल्या पाण्यातली बुरशी आणि आपली बुरशी, दोन्हींची जनुकं तपासून घ्या. एकच आहे का ते मला कळू द्या."

एकच निघाली असती तर संस्थेला कुलूप लागलं असतं, हे दोघींनाही माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, "हॉस्पिटलशी मी बोलते. बाहेरच्या प्रयोगशाळेला पाठवू, आपल्याकडे नको. पण वडिलांची संमती लागेल. आणि ती कशासाठी, हे त्यांना खरं सांगावं लागेल."

असं ते सांगणं शेवटी झेबावर आलं.

मुझफ्फरभाई त्या सकाळी उशीला टेकून बसले होते. एकाचे दोन दिसू नयेत म्हणून त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला होता. झेबानं पलंगाच्या कडेला उभं राहूनच सुरुवात केली आणि मध्ये न थांबता सगळं सांगून टाकलं. शेपटीची शीर, पिंजऱ्यांचे गट, बाहीवरचे थेंब, सगळं.

"म्हणजे तू त्यांना आजारी पाडतेस," ते म्हणाले.

"हो."

"मुद्दाम."

"हो, अब्बा."

"आन् मग बरं करतेस."

"काहींना. काहींना औषध देतच नाही. नाहीतर फरक औषधानं पडला की आपोआप, ते कळत नाही."

"त्यांचं काय होतं?"

"फार हाल व्हायच्या आधी मीच त्यांना झोपवते."

त्यांनी हात बदलला, आता उजवा डोळा झाकला. "आन् मी सगळ्या पिंपळगावात सांगत फिरलो, जनावरांची डाक्टर."

खिडकीखाली एक अँब्युलन्स मागे घेत होते, तिचा पीं पीं आवाज येत होता.

"मला कोणच्या गटात घातलंय गं?" त्यांनी विचारलं. आवाजात चेष्टा होती की राग, ते तिला ओळखता आलं नाही.

"जुन्या औषधाच्या."

"बरंय. मोकळं तर नाय सोडलं." मग जरा वेळानं, "माझ्या डोक्यात कधीपासून होती ती?"

"सांगता येत नाही. महिना, दोन महिने. जास्तही असेल."

"पाठव तपासायला. कुठं सही करू? आन् तुझी निघाली, तरी अम्मीला सांगू नको. ती तुला घरात घेणार नाय."

पुढचे दिवस झेबाला कसे गेले ते तिला नीट आठवत नाही. निकाल यायला वेळ लागणार होता. ती कामावर जायची, उंदीर उचलायची आणि प्रत्येक वेळी हातमोजे दोनदा बदलायची. तिनं अम्मीला कपडे देणं बंद केलं. भाड्याच्या खोलीतल्या चादरी उकळल्या. सोबत राहणारी मैत्रीण वेदिका म्हणाली, "अगं, फरशी किती वेळा पुसशील?" त्यावर झेबा तिच्या अंगावर खेकसली आणि मग रडली.

फिरता फिरता तिच्या डोक्यात दुसरंच काही घोळायला लागलं होतं. अब्बांच्या मेंदूत बुरशी महिनाभर वाढली, मग औषध सुरू झालं. तिच्या उंदरांना औषध मिळत होतं दुसऱ्या दिवशी, बुरशीनं बूड टेकायच्या आधी. त्या जाळीला लटकणाऱ्या उंदरांवरून अब्बांसारख्या माणसाबद्दल काय कळणार होतं?

तिनं मॅडमना सांगितलं की एक उशिराचा गट हवा. आधी आजार दिसू द्यायचा आणि मग औषध सुरू करायचं.

"हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला?" मॅडम म्हणाल्या. "तो प्रयोग पुढच्या वर्षी करायचा ठरलंय. आत्ता कंपनीला चांगला निकाल दिसतोय. त्यात आत्ताच खोट काढलीस तर पुढचं वर्ष येईलच असं नाही."

"आणि पुढच्या वर्षी केला आणि औषध नाही चाललं, तर तोवर मारलेले उंदीर फुकट."

"उशिराच्या गटाचा अर्थ कळतोय ना? ते जास्त आजारी पडतील. तुला रोज ते बघावं लागेल."

"कळतोय," झेबा म्हणाली. खरं तर तिला तो अर्थ त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळला. प्राण्यांचे हाल कमी करायचे म्हणून तिला तिथं नेमलं होतं, आणि ती हाल वाढवणारा गट मागत होती.

मॅडम चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एके सकाळी म्हणाल्या, "समितीपुढे तू मांड."

प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी समितीची मंजुरी लागते. त्या समितीत बाहेरचा एक माणूस असावा लागतो. इथं ते होते रंगनाथ गुरुजी, हरसूलकडच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते फारसं बोलत नसत. झेबाचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही त्यांना आत्तापेक्षा जास्त दुखू देणार?"

"हो. पण थोडक्या उंदरांत करू. वेदनेवर औषध देऊ. आणि झोपवायची वेळ आत्ता आहे त्यापेक्षा अलीकडे आणू. वजन घसरायला लागलं की लगेच, मान कलायची वाट न बघता."

"हे अलीकडे आणणं आधी का नव्हतं?"

झेबानं मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "आधी आम्ही नियमात होतं तेवढंच करत होतो."

गुरुजींनी अजून दोन-तीन प्रश्न विचारले आणि अटी घालून मंजुरी दिली. बाहेर पडताना ते झेबाला म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही हां. पण लपवत नाही, एवढं बरं वाटलं."

अब्बांच्या बुरशीचा निकाल श्रावणात आला. दोन्ही बुरश्या वेगळ्या वाणाच्या होत्या. प्रयोगशाळेतल्या बुरशीशी मुझफ्फरभाईंच्या बुरशीचा काही संबंध नव्हता. मॅडमनी कागद झेबाच्या हातात ठेवला आणि तिच्या पाठीवर थोपटलं. झेबाला वाटलं होतं की आता सुटल्यासारखं होईल. ती प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारून आली आणि पुन्हा पिंजऱ्यांमधून फिरायला लागली. डोकं दुखतंय म्हणून फोन आला तेव्हा आपण उन्हावर सोडून दिलं होतं, त्याचा निकाल कुठल्या प्रयोगशाळेतून येणार नव्हता.

मुझफ्फरभाई जगले. सलाईन बंद होऊन गोळ्यांवर आले, तेव्हा त्यांचे कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसत होते. डाव्या कानानं ऐकू येणं जवळपास गेलं. मूत्रपिंडं पूर्ववत झाली नाहीत. मीठ बेतानं आणि दर महिन्याला तपासणी. एकाचे दोन दिसणं मात्र हळूहळू थांबलं. आता ते स्वतः शिडीवर चढत नाहीत. खाली खुर्चीत बसून मशीनच्या आवाजावरून दुरुस्ती सांगतात, आणि उजवा कान तिकडे करायला मान वळवतात. मेडिकलमधून परस्पर गोळी घेणाऱ्याला ते पॅकहाऊसच्या दारात थांबवून झापतात. कोण ऐकतं, कोण हसून पुढे जातं.

उशिराच्या गटाचं काम दिवाळीनंतर संपलं. एकट्या नव्या औषधानं त्यांना वाचवता आलं नाही. ज्यांना आधी जुनं औषध थोडे दिवस शिरेतून दिलं आणि मग नवं तोंडावाटे, ते बऱ्यापैकी टिकले. म्हणजे जहाल सलाईनचे दिवस कदाचित कमी करता येतील, एवढंच हाती आलं. कंपनीनं पुढच्या वर्षीचा पैसा निम्म्यावर आणला. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे ते छापू." त्या हिवाळ्यात मिसळ काही मागवली नाही.

त्या गटातल्या उंदरांना झेबानं एकेक करून स्वतः झोपवलं होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. त्या दिवसांत तिला जेवण जात नसे आणि ती वेदिकाशी नीट बोलत नसे.

संक्रांतीच्या सुमारास ती पिंपळगावला गेली होती. अब्बा बाहेर खाटेवर उन्हात बसले होते. शेजारचा कुणीतरी त्यांना विचारत होता, तुमची मुलगी अजून त्या उंदरांच्या दवाखान्यातच का? अब्बा म्हणाले, "दवाखाना नाय तो. तिथं ते बरे व्हायला येत नायत."

आत अम्मी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "निफाडला दुकान घे एखादं. गाई-म्हशी येतील. लोक दुवा देतील."

"बघू, अम्मी."

"बघू म्हणजे जाणार नाहीस." मेथीची जुडी सोडत तिनं विचारलं, "त्यांना दुखतं का, खरं सांग."

"दुखतं."

"आणि तू सोडलंस तर ते बंद होईल?"

"नाही. दुसरं कुणीतरी येईल."

"ते दुसरं तुझ्यासारखं बघेल?"

झेबा म्हणाली, माहीत नाही. बघेलही. अम्मीनं निवडलेली मेथी तिच्यापुढे सरकवली आणि धुवून आण म्हणाली. झेबाला त्या बोलण्यानं बरं वाटलं असं नाही. तिनं भाजी तीन पाण्यांतून काढली, चौथ्यांदा नळ सोडला, तेव्हा अम्मीनंच येऊन तो बंद केला. सोमवारी सकाळी ती पहिल्या बसनं नाशिकला गेली. प्राणिगृहात उंदरांची नवी तुकडी आली होती, अजून निरोगी, आणि जागेची सवय व्हावी म्हणून त्यांना आठवडाभर नुसतं राहू द्यायचं होतं.